राहिलेले साठ किलोमीटर

मांडवा ते रेडी सायकलवर, तेही तुकड्यातुकड्यांत. ज्यांना सलग सुट्टी मिळत नाही, ज्यांच्या खिशात पैसे नाहीत आणि ज्यांनी एकदा मध्येच सोडून दिलंय, त्यांच्यासाठी.

जानेवारीत रेडीच्या गणपतीच्या देवळाबाहेर सायकल उभी करून मी फोटो टाकला. ‘मांडवा ते रेडी, डन!’ खाली चार टप्प्यांच्या तारखा. हार्ट, फायर, टाळ्या, सगळं आलं. तिसऱ्या दिवशी आमच्याच कॉलेजातल्या फर्स्ट इयरच्या एका मुलाचा मेसेज आला. ‘ताई, मी पण निघतोय. हेदवी ते तवसाळ रस्ता कसा आहे? चढ खूप आहे का?’

मी उत्तर टाइप केलं. खोडलं. परत टाइप केलं. परत खोडलं.

कारण हेदवी ते रत्नागिरी हा पट्टा मी सायकलवर केलाच नव्हता. तो मी एका टेम्पोत बसून, मांडीवर सॅक घेऊन पाहिला होता. चढ होते, एवढं आठवत होतं. पण टेम्पोत बसल्यावर चढ किती आहे हे कुणाला कळतं?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? माझ्या पार्टनरनंही हेच म्हटलं होतं. पण ते कळायचं तर जरा मागे जावं लागेल.

ही ट्रिप खरं तर सलग करायची होती. सहा दिवस, मुंबई-गोवा, किनाऱ्याकिनाऱ्यानं. असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. ड्रोन शॉट, नारळाची झाडं, शेवटी बीचवर सायकल डोक्यावर उचललेली. आम्ही तिघं होतो. एकाला इंटर्नशिप, एकीला इंटर्नल्स आणि मला घरून परवानगी फक्त एका रात्रीची. सहा सलग दिवस तिघांच्याही कॅलेंडरमध्ये कुठेच सापडेनात. शेवटी ठरलं की जितकं जमेल तितकं जाऊ, जिथे थांबू तिथून पुढच्या वेळी सुरू करू. पाच दिवसांत गोवा गाठलेला आमचा एक सीनियर हसून म्हणाला, “टप्प्याटप्प्यानं म्हणजे पिकनिक गं.”

त्याच्या पायांबद्दल मला आजही आदर आहे. पण पिकनिक हा शब्द डोक्यात बसला तो बसलाच.

एक गैरसमज आधी दूर करते. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता असं तुम्हालाही वाटत असेल. कोकणात तसं नाही. थोडं अंतर गेलं की एक तर खाडी आडवी येते, नाहीतर समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड. गावं खाली, पुळणीला लागून, नारळी-पोफळीच्या वाड्यांत. गाव संपलं की रस्ता जांभ्याच्या सड्यावर चढतो. सड्यावर सावली नाही, दुकान नाही, बऱ्याचदा रेंजही नाही. मग उतार, पुन्हा गाव, पुन्हा चढ. शाळेत ७२० किलोमीटरचा किनारा असं पाठ केलं होतं ना? ती नकाशावरची रेघ आहे. वरखाली किती होतं, ते भूगोलाच्या पुस्तकात नसतं. त्यामुळे पुणे-सोलापूर रोडवर दिवसाला शंभर किलोमीटर मारणाऱ्यांनीही इथे साठचाच प्लॅन करावा.

या रस्त्याचं कागदावरचं नाव सागरी महामार्ग, रेवस ते रेडी. बॅ. अंतुले १९८० च्या सुमारास मुख्यमंत्री होते, तेव्हापासूनची ही कल्पना. लहान खाड्यांवर पूल झाले, मोठ्या काही अजून बाकी आहेत. म्हणून मध्ये चार वेळा फेरीबोट लागते: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. गाड्याही तिच्यातूनच जातात, सायकलचं तिकीट किरकोळ. या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते झाले की गावातल्या लोकांचा कितीतरी वेळ वाचेल आणि ते व्हायलाच हवेत. पण तुम्हाला या बोटी बघायच्या असतील तर फार वर्षं थांबू नका.

पहिला टप्पा डिसेंबरातला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद आणि रात्री मुरूड. दुसऱ्या दिवशी बोटीनं दिघी, पुढे दिवेआगर आणि तिथून श्रीवर्धन. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडी-आरावीचा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की आमच्यातला एक दर अर्ध्या किलोमीटरला थांबायचा. शेवटी आम्ही त्याला पुढे घातलं आणि फोन काढून घेतला. अजून एक सांगते. थंडीत दुपारनंतर इथे वारा बहुतेक वायव्येकडून येतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असाल तर तो पाठीला लागतो. उलटं यायचा विचार असेल तर दुपारी तुमचं तुम्ही बघा.

श्रीवर्धनला प्रश्न आला की आता सायकली परत कशा न्यायच्या? एसटीच्या टपावर टाकायच्या म्हटलं तर नव्या गाड्यांना टपावर कॅरिअरच नसतो. आम्ही ज्या काकूंकडे उतरलो होतो, त्या आमची चर्चा ऐकत पोफळं सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, “ठेवा की पडवीत. सायकल काय जेवायला मागते?”

टप्प्यांच्या प्रवासातली ही सगळ्यात मोठी सोय आम्हाला अशी सापडली. सायकल मागे ठेवायची, आपण फक्त सॅक घेऊन घरी यायचं. तिकडे कॉलेजात असाइनमेंट चालू असते आणि आपली सायकल श्रीवर्धनच्या पडवीत आपली वाट बघत असते, हे फार भारी फीलिंग आहे. फेब्रुवारीत परत गेलो तेव्हा माझ्या हँडलवर एक कोंबडी बसली होती. काकू म्हणाल्या, रोज तिथेच बसते. खाऱ्या हवेनं साखळी गंजू नये म्हणून त्यांनी मायेनं तिला खोबरेल तेल लावलं होतं. त्यावर महिन्याभराची धूळ बसून साखळीची चटणी झाली होती. आम्ही अर्धा दिवस ती रॉकेलनं धूत बसलो. त्यांना मात्र काही बोललो नाही. तुम्ही सायकल मागे ठेवणार असाल तर साखळी स्वतः पुसून, नीट तेल घालून, वर जुना कपडा गुंडाळून ठेवा.

दुसरी शिकवण जरा रुक्ष आहे. टप्पा कुठे तोडायचा हे समुद्र बघून ठरवू नका, एसटी डेपो बघून ठरवा. श्रीवर्धन, गुहागर, देवगड, वेंगुर्ला इथे डेपो आहेत. एखाद्या सुंदर, निवांत, शांत वाडीत टप्पा संपवलात तर रविवारी संध्याकाळी तिथून बाहेर पडायला काहीच मिळत नाही आणि सोमवारी सकाळी लेक्चर असतं.

दुसऱ्या टप्प्याला आम्ही दोघीच उरलो, कारण तिसऱ्याची इंटर्नशिप नोकरी झाली होती. हरिहरेश्वर, बागमांडल्याची बोट, बाणकोट, वेळास, केळशी, रात्री आंजर्ले. दुसऱ्या दिवशी हर्णै, दापोलीचं मुरूड, कर्दे, लाडघर असं करत दाभोळ.

दाभोळच्या धक्क्यावर मी पडले. पडण्यात शान वगैरे काही नव्हती. ओहोटी होती, त्यामुळे बोटीकडे उतरणाऱ्या उताराचा खालचा भाग उघडा पडला होता आणि त्यावर हिरवं शेवाळ. मी सायकल हातात धरून चालत होते, तरी पाय सरकला. मी डावीकडे, सायकल उजवीकडे. एका मावशींनी मासळीची टोपली खाली ठेवून आधी मला उठवलं, मग सायकलीला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. सायकल उजव्या अंगावर पडली होती, याकडे मी लक्षच दिलं नाही.

इथे जरा टेक्निकल बोलते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. गिअरच्या सायकलला मागच्या चाकाशी, उजव्या बाजूला डिरेल्युअर असतो, साखळी या चक्रीवरून त्या चक्रीवर सरकवणारा. तो फ्रेमला ज्या छोट्या पट्टीनं जोडलेला असतो तिला हँगर म्हणतात. ही पट्टी मुद्दामच मऊ ठेवलेली असते, म्हणजे सायकल पडली तर ती वाकते आणि फ्रेम वाचते. वाकलेली पट्टी डोळ्यांना पटकन दिसत नाही. पण मोठ्या चढावर तुम्ही सगळ्यात हलका गिअर टाकता, डिरेल्युअर आत सरकतो आणि पट्टी वाकलेली असेल तर थेट चाकाच्या तारांत घुसतो.

माझा घुसला. तिसऱ्या दिवशी, गुहागर-वेळणेश्वर करून हेदवी गाठली, दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं, पुढच्या चढाला लागले आणि ‘खाड्’ असा आवाज आला. हँगर तुटलेला, डिरेल्युअर लोंबतोय, दोन तारा तुटल्यात. बाजूला आंब्याची कलमं मोहरानं भरलेली आणि मी एका चिऱ्याच्या गडग्यावर डोकं धरून बसलेली. अशा वेळी साखळी तोडून छोटी करून एकाच गिअरवर सायकल चालवता येते. त्याला लागणारं चेन टूल दोनशे ग्रॅमचंही नसतं. ते माझ्या घरी ड्रॉवरमध्ये होतं. हँगर तर प्रत्येक मॉडेलचा वेगळा, गावातल्या सायकलवाल्याकडे तो मिळायची आशाच नको. स्वतःच्या सायकलचा एक हँगर आणि चेन टूल, एवढं सॅकमध्ये टाका. हवं तर एक टी-शर्ट कमी घ्या.

तासाभरानं एक टेम्पो आला. रिकामा, रत्नागिरीला चाललेला. “काय झालं ताई? टाका मागं,” म्हणाला. पार्टनर म्हणाली, तू एकटी कशी जाशील, मीही येते. दोन्ही सायकली टेम्पोत चढल्या. तवसाळच्या बोटीतून टेम्पोसकट आम्ही जयगडला उतरलो. मालगुंड गेलं, केशवसुतांचं गाव, जिथे थांबायचं मी महिनाभर आधी ठरवलं होतं. गणपतीपुळे गेलं. मग आरे-वारे. कोकणात सायकल चालवणारा प्रत्येक जण ज्या रस्त्याचे फोटो टाकतो तो रस्ता मी टेम्पोच्या काचेतून बघितला, आणि खरं सांगते, बघितलाही नाही. मी मान खाली घालून बसले होते. टेम्पोवाल्या दादांनी मारुती मंदिरच्या चौकात सोडलं. पैसे घेतले नाहीत. सायकल पार्सलमध्ये टाकून आम्ही रात्रीच्या गाडीनं घरी आलो.

पुढच्या टप्प्याला पावसाळ्यानंतरच मुहूर्त लागला. नोव्हेंबरात निघताना मी म्हटलं, हेदवीपासून सुरू करू. पार्टनर म्हणाली, “ट्रेन रत्नागिरीला थांबते. तीन दिवसांची रजा आहे. त्यातला एक मागे जाण्यात घालवायचा? तो पॅच नंतर बघू.” तिचं म्हणणं चूक नव्हतं. भाट्ये, पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, मग वाघोटण खाडीला वळसा घालून देवगड. जानेवारीत देवगड ते रेडी. कुणकेश्वर, आचरा, मालवण. तारकर्लीच्या पुढे देवबागपर्यंत हौसेनं गेलो आणि तिथे रस्ताच संपतो हे कळल्यावर तेवढंच परत आलो. परुळे, वेंगुर्ला, शिरोड्याची मिठागरं. या दोन टप्प्यांबद्दल मी भराभर सांगतेय कारण सगळं नीट झालं. नीट झालेल्या दिवसांत सांगण्यासारखं फारसं नसतं, फक्त पाय दुखतात.

एक मात्र लिहायलाच हवं. सलग ट्रिपमध्ये तिसऱ्या दिवसापासून पाय तयार होतात. टप्प्यांमध्ये प्रत्येक वेळी पहिला दिवस नव्यानं येतो. मधले तीन-चार महिने तुम्ही कँटीनचा वडापाव खाल्लेला असतो, रात्री जागून सबमिशन केलेलं असतं आणि पहिला चढ तुम्हाला ओळखच दाखवत नाही. घरी परत सांगायचं, परत पैसे जमवायचे, परत रजा, परत तिकीट. त्या सीनियरनं एकदाच घर सोडलं. आम्ही चार वेळा. पिकनिक म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

तर, रेडी झालं, फोटो टाकला आणि तो मेसेज आला.

पार्टनरला विचारलं. तिला तोवर नोकरी लागली होती. “कुणाला कळणार आहे?” हे ती चांगल्या मनानं म्हणाली होती. खरंच कुणाला कळलं नसतं. पण माझ्या फोनवरच्या मॅपमध्ये ती रेघ हेदवीला तुटायची आणि रत्नागिरीला परत सुरू व्हायची. रोज काही मी ते बघत नव्हते. दिसलं की मात्र पटकन ॲप बंद करायचे.

आईला म्हटलं, एकटी जाऊ? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं.” आधीच्या चारही टप्प्यांना हीच अट होती, फक्त तेव्हा सोबत कुणीतरी असायचं.

गेल्या महिन्यात शुक्रवारी रात्री निघाले. चिपळूणपर्यंत ट्रेन, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये. तुम्ही असं करणार असाल तर तासभर आधी पार्सल ऑफिसला पोहोचा आणि मोठंच स्टेशन निवडा. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल उतरलीच नाही तर ती पुढे फिरायला जाते. चिपळूणहून गुहागर, गुहागरहून हेदवी, दोन्ही एसटीनं. पुढचं चाक काढून सायकल मागच्या सीटपाशी उभी केली. कंडक्टरकाकांनी विचारलं, “चालवायची नाही तर आणली कशाला?” म्हटलं, “उद्या चालवणार.”

रविवारी सकाळी सातला त्या गडग्यापाशी जाऊन उभी राहिले. गेल्या वेळी मोहर होता, आता कैऱ्या लटकत होत्या. गडगा तोच, चढही तोच. फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि निघाले. हलका गिअर टाकताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू? काही झालं नाही. गिअर पडला, साखळी गपगुमान सरकली. पुढच्या एका चढाचे शेवटचे दोनेकशे मीटर मी सायकल ढकलत नेली. ढकलणं चालतं, टेम्पो चालत नाही, हा नियम मी आदल्या रात्री बनवला होता. सड्यावर पोहोचले तर आजूबाजूला कुणीच नाही. काळा जांभा, वाळलेलं गवत आणि लांब खाली समुद्र. भीती वाटली का? वाटली. एक बाइक मागून हळू झाली तेव्हा वाटली. त्यावरचे आजोबा होते. पुढे फाट्याला डावीकडे जाऊ नकोस, एवढं सांगून निघून गेले.

तवसाळच्या धक्क्यावर रेंज आली आणि आईचे सात मिस्ड कॉल एकदम आले. सड्यावर माझा निळा ठिपका पाऊण तास एकाच जागी गोठला होता. आधी तिला फोन केला, बोलणी खाल्ली. मग बोट यायला वेळ होता, तेव्हा त्या फर्स्ट इयरच्या मुलाला व्हॉइस मेसेज पाठवला. हेदवी सोडल्यावर लगेच चढ आहे, पाणी गावातच भरून घे, सड्यावर काही मिळणार नाही, सकाळी लवकर निघ, तवसाळच्या अलीकडे उतार आहे तिथे ब्रेक सांभाळ. दीड मिनिटाचा मेसेज झाला. त्यानं थम्ब्स अप पाठवला आणि विचारलं, ‘आणि आरे-वारे?’ म्हटलं, थांब, संध्याकाळी सांगते.

ओहोटी होती. बोटीकडे मी बाळाला नेतात तशी सायकल नेली.

मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी थांबले, ठरवल्याप्रमाणे, एका वर्षाच्या उशिरानं. गणपतीपुळ्याला उसळ-पाव. आणि तीनच्या सुमारास, वारा पाठीला असताना, आरे-वारे. रस्ता टेकाडावर चढतो आणि एकदम दोन्ही पुळणी एकाच वेळी खाली दिसतात, मध्ये टेकडी, कडेनं सुरूची झाडं. फोटो काढला नाही. इथे फोटो सगळेच काढतात. मी कठड्यापाशी सायकल टेकवून अर्धा तास बसले आणि राहिलेला खाऊचा डबा संपवला.

मारुती मंदिरच्या चौकात पोहोचले तेव्हा दिवे लागत होते. टेम्पोनं जिथे सोडलं होतं त्याच्या आसपासच एक चहाची टपरी आहे. रेकॉर्डिंग बंद केलं, कटिंग घेतला. टपरीवाल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं. घामेजलेली, मिठाचे पांढरे डाग पडलेली मी, आणि धुळीनं माखलेली सायकल.

“कुठनं आलात? मुंबईवरनं?”

“नाही. हेदवीहून.”

“एवढंच?”

“हो,” म्हटलं, “एवढंच राहिलं होतं.”